मामांचा कान

भगवंतनं पेचकसाचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

शेडमधली माणसं जागच्या जागी थांबली. तो इथला रिवाजच होता. भगवंतमामा कान लावतात तेव्हा कुणी पान्हा खाली ठेवायचा नाही, ड्रम सरकवायचा नाही, आणि खोकला आलाच तर दाराबाहेर जाऊन खोकायचं. यूपी-बिहारकडून आलेला नवा कामगार पहिल्या दिवशी हे बघून हसायचा. दुसऱ्या दिवशी त्याला कुणीतरी सांगायचं, "मामा का कान है भाई, मज़ाक नहीं." तिसऱ्या दिवशी तोही हात बांधून, श्वास धरून उभा असायचा.

हातभर लांब पेचकसातून मोटरची जाड घरघर भगवंतच्या हाडात उतरली. तिच्याखाली पाइपातून पळणाऱ्या सॉल्व्हंटचा घोगरा लोंढा होता. तिच्यावर काहीच नव्हतं. त्यानं टोक थोडं सरकवलं, पुन्हा ऐकलं. वर काही नाही म्हणजे सगळं ठीक, असंच तो तीस वर्षं मानत आला होता.

"ठीक आहे. चालू द्या."

शेड पुन्हा हलू लागली. शिफ्टचा इंजिनिअर केदार, पस्तिशीतला उत्साही माणूस, लॉगबुकात लिहू लागला : 'कान लावला. ओके.' भगवंतनं खाली सही केली. खरं तर बेअरिंगची थरथर मोजायचं पेनाएवढं एक यंत्रही कंपनीनं घेऊन दिलं होतं. ते भिंतीवरच्या कपाटात पडून होतं आणि आतला सेल पाझरून त्याचं झाकण चिकटून बसलं होतं. ज्या शेडमध्ये मामांचा कान आहे तिथं यंत्राला कोण विचारतो? हातच्या काकणाला आरसा कशाला, असं केदारच म्हणायचा.

माणसं पांगली. फक्त शांताराम पंपाजवळ रेंगाळला. एडवणचा हा चाळिशीतला ऑपरेटर रोज सकाळी वाडीतल्या केळीला पाणी सोडून मोटरसायकलवरून कामावर यायचा. बोलणं कमी, आणि बोललाच तर जमिनीकडे बघून.

"मामा, बारीक शिटी येते ना?"

"कसली शिटी?"

"नाय... आपलं मला वाटलं."

"पलीकडच्या कंपनीची वाफ सुटत असेल."

"आसंल," म्हणून शांताराम निघून गेला.

भगवंत पेचकस पुसत उभा राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं, तरी पुसत राहिला. दुसऱ्याला येणारा आवाज आपल्याला येत नाही, असं आज पहिल्यांदा झालं नव्हतं.

*

पहिल्यांदा झालं होतं ते सरावलीच्या भजनी मंडळात. जत तालुक्यातलं गाव सोडून भगवंत इथं आला तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याची पेटी आणि चांगला कान एवढंच भांडवल होतं. गावाकडे तो पखवाज लावायचा. शाईच्या पानाचा सूर एका केसाएवढा उतरला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. हाच कान घेऊन तो कंपनीत लागला आणि मोटरी, पंप, गिअरबॉक्स ऐकू लागला. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी भजन रंगात आलं असताना त्याच्या लक्षात आलं की समोरच्या माणसाचे हात झांजा वाजवताना दिसतायत, पण झांजांचा खणखणाट येत नाही. येतोय तो नुसता थप, थप. दोन खरकटी ताटं एकमेकांवर ठेवल्यासारखा.

त्यानंतर तो भजनाला गेला नाही. शिफ्ट आडवी येते, असं त्यानं मंडळाला सांगितलं आणि बायकोलाही तेच.

कंपनीत दरवर्षी कानाची तपासणी व्हायची. गाडी यायची, गाडीत काचेची छोटी खोली असायची, कानाला हेडफोन लावून आत बसायचं आणि बारीक सूर ऐकू आला की बोट वर करायचं. कान गेल्यावरच्या पहिल्या वर्षी भगवंत आत बसला तेव्हा घामानं त्याची पाठ भिजली होती. मग त्याला दिसलं की समोरच्या काचेत तपासणाऱ्या मुलीचं कोपर दिसतंय, आणि ती बटण दाबते तेव्हा ते कोपर जरासं हलतं. कोपर हललं की बोट वर. त्यात तो पास झाला. पुढच्याही वर्षी झाला. डॉक्टरनं कागदावर शेरा मारला, या वयात असा कान म्हणजे देवाची देणगी.

झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. चार वर्षं कोपर हललं की भागेल, असा त्याचा हिशेब होता. पण पंपाला कोपर नसतं, ही गोष्ट तो मनाला शिवू देत नव्हता.

*

दुपारी चारला तो सरावलीच्या आपल्या दोन खोल्यांत पोचला. बायको विजया चहा ठेवत होती. पाचच्या सुमारास स्वरा पालघरच्या कॉलेजातून आली आणि बॅग न ठेवताच म्हणाली,

"पप्पा, इथं बसा. मम्मी, तूपण. उद्या माझा नंबर आहे."

इंग्रजीच्या सरांनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीत रोजच्या इंग्रजीत वावरणारा, पण मूळचा भलत्याच गावचा एक शब्द. तो कुठून आला, त्याचा मूळ अर्थ काय आणि लोक त्याला कसा वापरतात, हे पाच मिनिटं उभं राहून सांगायचं. स्वराला 'क्रेसेंडो' आला होता. तुझं नावच स्वरा, तुला संगीतातलाच शब्द येणार, असं म्हणून सर हसले होते.

ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि समोर साठ मुलं असल्यासारखी बोलू लागली. शब्द इटलीतला. अर्थ 'वाढत जाणारा'. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या कागदावर त्याची एक खूण असते : एका टोकाला मिटलेल्या आणि पुढे उघडत गेलेल्या दोन रेघा.

"म्हणजे अडकित्ता अर्धा उघडून ठेवल्यासारखा," विजया म्हणाली.

"करेक्ट. हे मी उद्या सांगते." स्वरानं वहीत टिपून घेतलं. "ती खूण दिसली की आवाज हळूहळू वाढवत न्यायचा. याच मुळापासून चंद्रकोरीचा इंग्रजी शब्दपण निघालाय. मुळात तो फक्त वाढत्या चंद्रासाठी होता. आणि आता गंमत ऐका. वर्तमानपत्रात लिहितात, घोषणा क्रेसेंडोला पोचल्या. म्हणजे शिखराला पोचल्या. पण तो शब्द शिखराचा नाहीच, चढाचा आहे. लोकांनी चढ विसरून शिखरालाच ते नाव देऊन टाकलं."

"का बरं?" भगवंतनं विचारलं. पोरीचं बोलणं त्याला आवडत होतं. तेवढ्यापुरती सकाळची शिटीही तो विसरला होता.

"कारण चढ चालू असताना कुणी लक्ष देत नाही. कान उघडतात ते एकदम शेवटी." तिनं मोबाइल मधोमध टीपॉयवर ठेवला. "ही शेवटची युक्ती आहे, वर्गात करणार आहे. मी एक धून लावते. एकट्या व्हायोलिननं अगदी बारीक सुरू होते. ऐकू आलं की बोट वर करायचं. डोळे मिटा."

डोळे मिटा म्हटल्यावर भगवंतनं आधी मोबाइलच्या पडद्याकडे बघितलं. पण पोरगी समोर उभी होती. त्यानं डोळे मिटले.

बाहेर रिक्षा गेली. खालच्या नळावर बादली भरत होती. तो वाट बघत राहिला. पोरीला मोबाइलवर धून सापडत नसेल, त्याला वाटलं. या मोबाइलचं असंच असतं, ऐन वेळी गोल फिरत बसतो. मग दुरून काहीतरी उमटलं, रुंद, अनेक वाद्यांचं, आणि त्यानं समाधानानं बोट वर केलं.

डोळे उघडले तर विजयाचं बोट आधीच वर होतं. नुसतं वर नव्हतं, वर धरून धरून तिनं दुसऱ्या हातानं कोपराला टेका दिला होता. स्वरा मोबाइलच्या पडद्याकडे बघत होती.

"पप्पा, सव्वा मिनिट झालं सुरू होऊन."

"माझं लक्ष नव्हतं," भगवंत म्हणाला.

"असू दे," स्वरा हसून म्हणाली. "वर्गातपण कुणीतरी असं असणारच. त्याच्यावरच मी शेवट करणार आहे."

विजया मात्र हसली नाही. बोट खाली घेऊन ती त्याच्याकडे बघत राहिली. दोन वर्षांतलं, शिफ्ट आडवी आल्यामुळे चुकलेलं एकेक भजन तिला त्या क्षणी कळत गेलं असावं.

"स्वरा," भगवंतनं विचारलं, "ज्याला चढ ऐकूच येत नाही, त्याला मग काय ऐकू येतं?"

"डायरेक्ट शिखर," स्वरा म्हणाली, आणि बॅग उचलून आत गेली.

भगवंतच्या हातातला चहा निवला होता. बारीक शिटी येते ना, शांताराम म्हणाला होता. जमिनीकडे बघून म्हणाला होता. आणि भगवंतनं ते वाफेवर ढकलून दिलं होतं. कोणतंही बेअरिंग जायला लागलं की सगळ्यात आधी शिटी धरतं, अगदी बारीक. नवीन पोरांना हे त्यानंच शिकवलं होतं : घरघर ऐकू येईपर्यंत थांबाल तर पंप नाही, शेड जाईल. त्या पाइपातून जे पळत होतं ते पेट्रोलाहून मऊ नव्हतं. एक ठिणगी पुरे. आत्ता, या घटकेला शेडमध्ये आठ-नऊ माणसं असतील. त्यांच्यापैकी एकही तो पंप तपासणार नाही, कारण लॉगबुकात सही आहे.

एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना एक सवय असते. मोठा आवाज झाला की आधी खिडकीच्या काचेकडे बघायचं आणि मग घरातली माणसं मोजायची. आवाज झाला नव्हता, तरी भगवंतनं काचेकडे बघितलं.

"मी कंपनीत जाऊन येतो."

"आत्ता? काय राहिलं?" विजयानं विचारलं.

"पेचकस राहिला," त्यानं सांगितलं. पेचकस दाराशी पिशवीत होता. विजयानं तो बघितला, आणि स्कूटरची किल्ली त्याच्या हातात दिली.

*

सरावली ते कंपनी पंधरा मिनिटांचा रस्ता. सहाचा सुमार, ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. भगवंतला रस्ता संपेना. टँकर आडवे, रिक्षा आडव्या, एका वळणावर म्हशी आडव्या. दरवेळी तो शेडच्या दिशेला आभाळ बघायचा. तिकडे काळं काही दिसत नव्हतं. मग वाटायचं, काळं दिसेल तेव्हा दिसून उपयोग काय? त्याला एकदम आठवलं की आपण निघताना फोनसुद्धा करू शकलो असतो. दोन शब्द बोलायचे होते, पंप बंद करा. पण का, असं बॅच संपेपर्यंत थांबलेल्या केदारनं विचारलं असतं, आणि त्या प्रश्नाला लपवून देण्यासारखं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. म्हणून तो फोन करायचं विसरला होता. माणूस सोयीचं तेवढंच विसरतो. हे कळल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली, पंपाच्या भीतीहून जास्त. त्यानं म्हशींच्या मागे स्कूटर थांबवून खिशातून मोबाइल काढला, केदारला लावला. केदार उचलत नव्हता. शेडमध्ये मोबाइल नेता येत नाही, हा नियमही त्याला तेव्हाच आठवला. मग त्यानं गेटवर लावला.

"शेडमध्ये निरोप द्या. पंप बंद करा म्हणावं. भगवंत बोलतोय."

"कोण?" गेटवाल्याच्या मागे ट्रकचा हॉर्न होता. "मामा? अहो, बरोबर ऐकू येत नाहीये!"

म्हशी पांगल्या आणि भगवंतनं स्कूटर पिटाळली.

शेडच्या दारात त्याला शांताराम भेटला. मनोरहून येणारा बदलीचा माणूस आला नव्हता म्हणून तो दुसऱ्या शिफ्टलाही थांबला होता. मामांना यावेळी, घरच्या कपड्यांत, पायांत चप्पल घातलेलं बघून तो बावचळला.

"शिटी येतेय का अजून?" भगवंतनं धापा टाकत विचारलं.

शांतारामनं जमिनीकडे बघितलं.

"वाडलीय मामा."

"कधीपासून?"

"दुपारपास्नं. मगाशी हात लावला तं हात ठरत नाय."

"मग बोलला का नाहीस, लेका? बंद का नाही केलास?"

"तुमी कान लावला ना सकाळी," शांताराम म्हणाला. "तुमी म्हनलात ठीक हाय. मग मला वाटलं, माजाच कान खोटा."

भगवंतनं दाराची चौकट धरली. दोन वर्षं त्याला वाटत होतं की आपला एकट्याचाच कान गेलाय.

मग तो आत घुसला. केदार रिअॅक्टरपाशी होता.

"पंप बंद कर. जोडीचा चालू कर."

"मामा? बॅच अर्ध्यावर आहे. सकाळी तुम्हीच तर..."

"बंद कर म्हणतोय ना!"

भगवंतमामा ओरडलेले त्या शेडनं कधी ऐकले नव्हते. केदारनं पुढचं न विचारता पंप बदलायला सांगितलं. बटण दाबलं गेलं. मोटर मंद होत गेली, आणि अगदी शेवटी, थांबता थांबता पंपातून जात्यात खडा यावा तसा करकर आवाज आला. तो भगवंतलाही ऐकू आला.

फिटरनं तासाभरानं पंप उघडला. बेअरिंगचा पिंजरा तुटला होता, गोळ्या जळून निळ्या पडल्या होत्या आणि शाफ्ट सीलला घासायच्या बेतात आला होता. आणखी तासभर चालला असता तर, एवढंच म्हणून फिटर थांबला. पुढचं कुणी पुरं केलं नाही. सगळे त्या निळ्या गोळ्यांकडे बघत राहिले. यूपीचा एक पोरगेला वेल्डर खाली बसला आणि त्यानं दोन्ही हात जमिनीला लावून कपाळाला लावले.

मग सगळ्यांची तोंडं एकदम सुटली.

"घरी बसून कळलं मामांना!" केदार म्हणाला. "सरावलीत! काय म्हणायचं याला?"

"मामा का कान है भाई," कुणीतरी म्हणालं.

भगवंतनं तोंड उघडलं. शांताराम कोपऱ्यात कापसाच्या चिंधीनं हात पुसत त्याच्याकडेच बघत होता. या वेळी जमिनीकडे नव्हे, त्याच्याकडे. भगवंतनं तोंड मिटलं.

*

दोन दिवसांत ही गोष्ट शेडमधून कँटीनमध्ये, कँटीनमधून गेटवर आणि गेटवरून पलीकडच्या कंपनीत गेली. जाता जाता वाढत गेली. पहिल्या दिवशी मामांना घरी बसून शंका आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना जेवता जेवता शिटी ऐकू आली होती. शुक्रवारपर्यंत ते चिंचणीच्या किनाऱ्यावर फिरायला गेले होते आणि समुद्राच्या गाजेतून त्यांनी बेअरिंग ओळखलं होतं. मॅनेजरनं खांद्यावर हात ठेवला. जेवणाच्या सुट्टीत एका अनोळखी माणसानं त्याला आपल्या मोटरसायकलचं इंजिन ऐकायला लावलं. भगवंतनं ऐकलं, मान हलवली, आणि तो माणूस खूश होऊन गेला.

घरी स्वराला दहापैकी नऊ मिळाले होते. अडकित्त्याला वर्ग हसला, सरांनाही तो आवडला. विजया त्याच्या ताटात भाकरी वाढताना आता समोर येऊन, तोंडाकडे बघून विचारायची, अजून घेणार का. आधी ती स्वयंपाकघरातूनच विचारायची.

शुक्रवारी सकाळी तपासणीची गाडी आली.

गाडीपुढे रांग लागली. भगवंतच्या हातात पेचकस होता, शेडमधून तसाच आला होता. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्याला त्या रांगेत कळलं. पंपाच्या वेळी निदान धावता येत होतं. इथं एकेक पाऊल पुढे सरकायचं होतं. आत गेलं की काच असेल, काचेत कोपर असेल. कोपर हललं की बोट वर. मग आणखी एक वर्ष. आणि बाहेर आल्यावर शेड पुन्हा श्वास धरून उभी राहील, आणि तो म्हणेल ठीक आहे, चालू द्या, आणि ज्याला शिटी ऐकू येते तो माणूस स्वतःचा कान खोटा ठरवून घरी जाईल. एडवणला. केळीत.

त्याचा नंबर आला. दारापाशी केदार उभा होता, मोठ्या मजेत.

"हेमांगी मॅडम, यांचा कान तपासू नका," तो आतल्या मुलीला म्हणाला. "यांच्या कानानं तुमचं मशीन तपासून घ्या!"

रांग हसली. भगवंतही हसला. मग वळून मागे उभ्या असलेल्या शांतारामच्या हातात त्यानं पेचकस दिला.

"धर."

"याल ना आत्ता बाहेर, मी इथंच हाय," शांताराम म्हणाला.

"धर म्हणतो ना."

काचेची खोली तीच होती. खुर्ची तीच. हेमांगी दरवर्षीचीच, आता बोटात साखरपुड्याची अंगठी होती. तिनं हेडफोन त्याच्या कानांवर नीट बसवले. समोरच्या काचेत तिचं कोपर स्वच्छ दिसत होतं.

आधी जाड सूर आले, उजव्या कानात, मग डाव्या. ते त्याला ऐकू आले. बोट वर झालं. हेमांगीनं दार किलकिलं करून एक हेडफोन जरा उचलला आणि सांगितलं,

"छान काका. आता बारीक सूर येतील. आधी उजव्या कानात, मग डाव्या. अगदी हळू सुरू करून वाढवत नेणार आहे."

"वाढवत न्या," भगवंत म्हणाला.

दार मिटलं. काचेत कोपर उचललं गेलं. भगवंतचे डोळे आपोआप त्याच्याकडे गेले, दोन वर्षांच्या सवयीनं.

त्यानं डोळे मिटले.

तो उजव्या कानातल्या पहिल्या सुराची वाट बघत राहिला. येईल तेव्हा नक्की ओळखायचा, असं ठरवून बोट मांडीवर तयार ठेवलं. गाडीचा पत्रा उन्हानं तापला होता. बाहेर केदार काहीतरी सांगत असावा, बहुधा चिंचणीच्या किनाऱ्याचं. सूर आला नाही. मुलीला फोन आला असेल, त्याला वाटलं. लग्न ठरलेली पोर आहे, येणारच फोन. तो आणखी थांबला. एकदा बोट उचलावंसं वाटलं, उगीच, अंदाजानं. त्यानं ते दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकला. हेमांगीनं त्याचे हेडफोन काढले.

"झालं, काका."

"डावा राहिला ना?"

"दोन्ही झाले."

ती हातातल्या कागदाकडे बघत होती. कागदावरची रेघ थोडी सरळ जाऊन मग विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती. तिनं फाइलमधून गेल्या वर्षीचा कागद काढून शेजारी धरला. एकदा या कागदाकडे बघितलं, एकदा त्या.

"काका, असं कसं? गेल्या वर्षी तर सगळं..."

"गेल्या वर्षी माझे डोळे उघडे होते, पोरी," भगवंत म्हणाला.